कुलपामागची दोघं

माझ्या भावाचा मुलगा इंद्रजीत मोठा डॉक्टर झाला, हे मी चार लोकांत मान वर करून सांगते. पण त्याच इंद्रजीतनं माझ्या धाकट्या बहिणीच्या दारावर खडूनं 'बंद' लिहिलं आणि शेजारच्या घरात चहा प्यायला बसला, हे कुठल्या तोंडानं सांगायचं? लाज वाटते म्हणून गप्प बसणारी बाई मी नव्हे. लाज त्याला वाटायला पाहिजे.

ते दार निंगव्वाचं. अंघोळ झाली की ती ओल्या बोटांनी त्या चौकटीवर विभूतीचे पट्टे ओढायची, मगच चुलीला हात लावायची. इंद्रजीतला हे ठाऊक नाही असं नाही. डॉक्टरकीला त्याचा नंबर लागला तेव्हा माझा भाऊ धुळाप्पा त्याला मंद्रूपहून पेटीसकट घेऊन आला आणि निंगव्वाकडे ठेवून गेला. माझं घर मोठं, पण माझ्याकडे कडक भाकरीचा धंदा. पहाटेपासून बायका थापायला बसतात. धूर, बडबड, गिऱ्हाइकांचे फोन. तिथं पुस्तक कोण उघडणार? निंगव्वाचं घर त्याच गल्लीत, पण शांत. नवरा महिपतराव टॉवेलच्या कारखान्यात जॉबर. माग बिघडला की दुरुस्त करायचं काम. पोटी काही नव्हतं. त्या दोघांनी या पोराला पोटचा मानला. हा दारात आला की चप्पल काढायच्या आधी तिचा प्रश्न, "ऊट आतेनु?" जेवलास का, एवढाच त्याचा अर्थ, आमच्या आईची कानडी. हा 'जेवलो' म्हणाला तरी ती वाढायची. परीक्षा जवळ आली की महिपतराव बाहेर कट्ट्यावर बसून गल्लीतली आरडाओरड करणारी पोरं हाकलायचे. असा हा डॉक्टर झाला.

आणि कोरोनाच्या पहिल्या वर्षी, आषाढात, ती दोघं गेली. आधी निंगव्वा, मागोमाग महिपतराव.

तिला नुसता ताप होता. मी शेंगाची चटणी कुटून पाठवली तर निरोप आला, "अक्का, ह्याला वासच न्हाय की. लसूण घालायचा इसरलीस व्हय?" माझ्या चटणीला आजवर कुणी नाव ठेवलं नाही. मला राग आला, पण ती खोटं बोलत नव्हती, तिचं नाक गेलं होतं. मग दम लागला. इंद्रजीतला फोन मीच लावला. तो म्हणाला, "आत्या, कुठंच बेड नाही. टेस्ट केली आणि पॉझिटिव्ह आली तर उचलून नेतील, पुन्हा तोंड दिसणार नाही. घरीच ठेव. पालथं झोपव. गोळ्या मी सांगतो." मी तसंच केलं. त्यात त्याचं चुकलं असं मी तेव्हा म्हटलं नाही. मोठमोठे डॉक्टर स्वतःच भेदरले होते, याला काय बोलायचं? उलट टेस्ट झाली नाही म्हणून आमच्या रिवाजानं दोघांना बसवून माती देता आली, कपाळाला विभूती लावता आली. तिच्या कागदावर लिहिलं, श्वसनाचा त्रास. महिपतरावांच्या कागदावर, हृदयविकार. कोरोनाच्या आकड्यात दोघंही नाहीत. घराला मी कुलूप लावलं आणि किल्ली कमरेला खोचली.

पुढं थंडी पडली, रोग जरा ओसरला, आणि आमच्या पेठेत रक्त तपासणारं पथक आलं. त्या पथकाचा साहेब कोण, तर आमचा इंद्रजीत. मला केवढा अभिमान! भाकरी थापणाऱ्या बायकांना मी काम थांबवून त्याच्यासमोर उभं केलं. म्हटलं, "ह्यो माजा भाचा. बगून घ्या."

तो भाकरीच्या चवडीशेजारी पाटावर बसला आणि मला समजावून सांगू लागला. सांगतो छान, ते खोटं कशाला बोलू.

"आत्या, ज्याला कोरोना होऊन गेला त्याच्या रक्तात त्याची खूण राहते. अँटिबॉडी म्हणतात तिला. ताप आला नसेल, शिंक आली नसेल, तरी रक्त सांगतं की हा माणूस त्यातून गेलाय."

"मग त्येचं काय लोणचं घालतोस?"

बायका हसल्या. तोही हसला. "लोणचं नाही, हिशेब घालतो. दवाखान्यात आलेल्यांपैकी किती गेले एवढंच बघितलं तर रोग राक्षसासारखा दिसतो. पण कित्येकांना घरात बसल्याबसल्या होऊन गेला, त्यांना कुणी धरलंच नाही. मेलेले वर मांडायचे, झालेले खाली मांडायचे, आणि भागायचं. खाली खरी माणसं आली की खरा मृत्युदर कळतो. तो आपण समजतो त्यापेक्षा खूप कमी निघणार, बघ तू."

"खालचं कळलं. रक्त काढून तू खालचं मोजनार. आन् वरचं?"

"वरचं महापालिकेकडे आहे. शिवाय आम्ही घरोघरी विचारतो, मार्चपासून या घरात कुणी वारलं का."

"इचारतोस न्हवं? मग झालं," मी म्हणाले, आणि त्याच्या ताटात दही वाढलं.

त्यांच्या मोबाइलनं आमच्या घरातलं एक माणूस निवडलं. मला वाटलं घरची मोठी म्हणून माझं रक्त घेतील, पण निघालं थोरल्या सुनेचं नाव, रेश्माचं. पथकात सबा म्हणून एक मुलगी होती, आमच्या सोलापूरचीच, हात हलका. तिनं कधी सुई टोचली ते रेश्माला कळलंही नाही. पुढं निकाल आला, रेश्माला होऊन गेला.

"कवा झाला गं तुला?" मी विचारलं. "एक दिस अंथरुणात काढला न्हाईस."

"काढू कुठं दिलात, आत्याबाई?" ती म्हणाली. जीभ माझ्याच घरात लांब झालीय तिची.

तर ते पथक आमच्याकडून निघालं. मी कौतुकानं दारात उभी राहून बघत होते. एकेक घर करत ते निंगव्वाच्या दाराशी आले. सबानं कुलूप हलवून बघितलं. इंद्रजीतनं मोबाइलकडं बघितलं, कुलपाकडं बघितलं, तिच्या हातातला खडू स्वतः घेतला आणि चौकटीवर, जिथं विभूतीचे पट्टे असायचे तिथंच, 'बंद' असं लिहिलं. आणि पुढच्या जोतिरामच्या घरात शिरला.

माझ्या पायात चप्पल नव्हती. तशीच गेले.

जोतिराम टेम्पो चालवतो. चारी भाऊ तालमीतले, घरात कुणाला साधी सर्दी नाही. इंद्रजीत त्यांच्या कॉटवर बसून बशीत चहा ओतत होता.

"इंद्रजीत, त्या घरात इचारायचं ऱ्हायलं."

"आत्या, ते बंद आहे."

"बंद हाय ते तू मला सांगतोस? किल्ली माज्या कमरंला हाय."

"नियम आहे आत्या. कुलूप असलं की पुढचं घर घ्यायचं. पुन्हा एक फेरी होईल, तेव्हाही कुलूप असलं तर सोडून द्यायचं."

"मला इचार की. म्या सांगते कोन कोन गेलं."

"तू त्या घरातली नाहीस. एका चुलीवर जेवणारी माणसं म्हणजे एक घर, असं धरतात. उत्तर त्या चुलीवरच्या माणसानं द्यायचं."

"त्या चुलीवर जेवल्यालं एकच मानूस आता जित्तं हाय," मी म्हणाले. "त्ये तू हाईस. दे उत्तर."

त्यानं बशी खाली ठेवली. जोतिराम मध्ये पडला, "अक्का, डॉक्टरला चहा तरी पिऊ द्या. आमचं रक्त काढून दमलाय त्यो."

"तुमचं रक्त काढून काय उपेग? तुमाला मारायला कोरोनाला टेम्पो लागंल," मी म्हटलं आणि घरी आले.

त्या दिवशी माझ्या हातची भाकरी बिघडली. थापता थापता डोकं एकाच जागी फिरत होतं. ज्या घरातलं एक माणूस गेलं, तिथं सांगायला दुसरं आहे. ज्या घरातली सगळीच गेली, तिथं कुलूप. आणि यांचा नियम काय, तर कुलूप दिसलं की पुढं चला. म्हणजे ज्या घराला मरणानं पुरतं धुऊन नेलं तेवढंच नेमकं मोजायचं राहिलं! आणि त्याच्या जागी धरलं कोण, तर जोतिरामचे पैलवान. रक्त 'होऊन गेला' म्हणणार, मेलं कुणी नाही. खाली भर, वर शून्य. असला हिशेब माझ्या भाकरीवालीनं दिला असता तर मी तिला परातीसकट घरी पाठवली असती.

पुन्हा एक फेरी होईल, तो म्हणाला होता. ठीक आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी निंगव्वाचं कुलूप काढलं. थोरला मुलगा मल्लेश आडवा आला. "आई, असं काय करतीस? लोक काय म्हणतील?"

"लोक म्हनत्याल, रंभाक्का बहिणीच्या घरात ऱ्हायला गेली. सर बाजूला."

घर उघडलं तेव्हा आत बंद कपाटासारखा वास आला. कोनाड्यात महिपतरावांचा चष्मा होता, एका काडीला दोरा बांधलेला. खाटेखाली तिच्या औषधाच्या पट्ट्या पडल्या होत्या, निम्म्या तशाच. इंद्रजीतनं फोनवर सांगितलेल्याच त्या गोळ्या. मी रडले नाही. रडायला बसले तर झाडलोट कोण करणार? जाळी काढली, जमीन पुसली, चूल सारवली, चौकट मात्र पुसली नाही. खडूचा तो शब्द राहू दे म्हटलं, ज्यानं लिहिला त्यानं पुसावा. माझं अंथरूण आणलं, पीठ आणलं, आणि त्या चुलीवर भाकरी टाकली. आता बघू कोण म्हणतं बंद आहे ते.

दुसऱ्या फेरीला पथक आलं तेव्हा इंद्रजीत दुसऱ्या गल्लीत होता. एकटी सबाच आली. उघडं दार बघून तिला बरं वाटलं.

"अम्मा, या घरात किती जण राहतात?"

"एक. मी."

"एका चुलीवर?"

"ही काय पुढं जळतीया."

तिनं माझं नाव, वय टिपलं. मग म्हणाली, "गेल्या मार्चपासून या घरात कुणी वारलं का?"

हा प्रश्न ऐकायला मी इतके दिवस थांबले होते. पाणी प्यायले आणि सांगितलं. निंगव्वा, महिपतराव. कुणाला आधी काय झालं, ताप कधी चढला, दम कसा लागला, चटणीचा वास कसा गेला. त्या वासाचं ऐकल्यावर सबाची मान आपोआप हलली. माझ्याकडे बघून तिनं मोबाइल मांडीवर ठेवला.

"डॉक्टरांना दाखवलं होतं का, अम्मा?"

"फोनवर इचारलं व्हतं."

"कोणते डॉक्टर?"

"तुजं साहेब."

तिनं मोबाइल पुन्हा उचलला. मग हळूच म्हणाली, "नाव लिहायची जागा नसते अम्मा. 'हो' लिहिते." आणि माझ्या दंडाला पट्टा बांधला. रक्त काढून झाल्यावर ती उठली, पण उंबऱ्यावरून मागं वळून म्हणाली, "मेरी नानी भी ऐसेच गई. त्यांचंही लिहिलं नाही कुणी." एवढंच बोलली आणि गेली.

मी ताठ बसले. झालं काम. मेलेल्यांच्या ओळीत माझी बहीण बसली.

दुपारी इंद्रजीत आला. उंबऱ्याच्या बाहेरच थांबला. ज्या घरात हा पाच वर्षं लोळला, त्या घराच्या आत पाय टाकायला तयार नाही.

"आत्या, हे काय चालवलंयस? तू तुझ्या घरात मोजली गेलीयस. रेश्माचं रक्त घेतलंय आम्ही. पुन्हा इथं येऊन बसलीस, हे खोटं आहे."

"कोनतं खोटं? निंगव्वा मेली हे खोटं?"

"ते नाही. पण ऐकून घे." तो खरंच समजावायला लागला, दवाखान्यात पेशंटला समजावतात तसा. "इथं माणसं गेलीत हे तुला माहीत होतं, म्हणून तू कुलूप उघडलंस. ज्या बंद घरात कुणी गेलं नाही, ते उघडायला कोण येणार? कुणीच नाही. म्हणजे मी फक्त मेलेल्यांचीच कुलपं धरणार. मग आकडा उलट्या बाजूला कलतो. जास्त भयंकर दिसतो. ते चालतं का?"

खरं सांगते, पोरगं हुशार आहे. त्याच्या बोलण्यात दम होता. मी चुलीतलं लाकूड पुढं सारलं आणि मग म्हटलं, "मग समदी कुलपं धर. मेल्याली बी, जित्ती बी. कुलूप असंल तितं शेजाऱ्याला इचार. शेजाऱ्याला ठावं असतंय की!"

"बहुतेक लोक गावाला गेलेत आत्या. कुणी मोहोळला, कुणी पुण्याला. किट संपलेत, रिपोर्ट द्यायचाय. एवढं फिरायला माणसं नाहीत माझ्याकडे."

"माणसं न्हाईत? मी हाय की."

तो गेला. मी पदर खोचला आणि गल्लीत निघाले. जिथं खडूनं 'बंद' लिहिलेलं दिसलं तिथं शेजारी विचारलं. आणि इथंही खरंच सांगते, तो म्हणाला त्यातलं पुष्कळ बरोबर निघालं. एक कुटुंब द्राक्षाच्या कामाला गेलेलं, खुशाल होतं. एकाची सून बाळंतपणाला म्हणून सगळीच माहेरी. इमामसाब, जुने शिलाईवाले, त्यांच्या घराला केवढं तरी मोठं कुलूप. शेजारीण म्हणाली, बहुतेक गेले बिचारे. मी त्यांच्या मुलाला वैरागला फोन लावला आणि हळू आवाजात विचारलं, "बाबा कसं गेलं रं?" तर फोनवर इमामसाबच ओरडले, "अक्का, मला जित्तेपनी मारता काय? दोन टाइम जेवतो इथं, मटण चालू हाय!" सगळ्या गल्लीला ऐकू गेलं. जोतिरामची बायको हसून हसून भिंतीला टेकली.

पण दुसरंही निघालं. कोपऱ्यावर येडू राहायचा, बाजारातला हमाल, एकटा, त्यातच गेला. त्याच्या खोलीला कुलूप नव्हतंच. त्या खोलीत आता नवे भाडेकरू. त्यांच्याकडे पथक गेलं होतं, रक्तही घेतलं. 'तुमच्यात कुणी वारलं का?' 'नाही.' ते बिचारे खरंच बोलले. येडू त्यांच्यातला नव्हता. आणि पलीकडच्या गल्लीत एका कुलपामागं आजी, मुलगा, सून, तिघंही गेलेली. नात बोरामणीला मामाकडे.

मी इंद्रजीतला फोन केला. सगळं सांगितलं. इमामसाब जिवंत निघाले हेही सांगितलं, लपवलं नाही.

"बघ," तो म्हणाला. "मी म्हणत नव्हतो?"

"काय बगू? जित्तं निघालं त्ये मी जित्तं सांगितलं, मेलं त्ये मेलं सांगितलं. इचारल्याबिगर ह्ये कळलं असतं व्हय?"

"आत्या, एका गल्लीनं काय होतं?"

"परत्येक गल्लीत एक इंद्रजीत असंच म्हनत असंल तर लई होतंय."

तो म्हणाला, "निंगव्वाआत्याचं घर मी काढून टाकलंय यादीतनं. नियमात बसत नव्हतं." आणि फोन ठेवला. आत्याचा फोन, भाच्यानं ठेवला.

मग ते पेपरात आलं. त्याचा फोटो, गळ्यात टाय, मागं तक्ता. सून वाचून दाखवत होती: पेठेतल्या निम्म्याहून जास्त लोकांना नकळत होऊन गेला, खरा मृत्युदर भीती होती त्याच्या कितीतरी पट कमी, नागरिकांनी घाबरू नये. पेठेतल्या शाळेत ऑक्सिजनची सोय करून ठेवली होती, ती आता गुंडाळणार असंही खाली छापलं होतं. जोतिराम मास्क खिशात घालून माझ्या दारावरून शीळ घालत गेला. "अक्का, तुमच्याच डॉक्टरनं सांगितलंय, आता भ्यायचं न्हाय!"

मंद्रूपहून धुळाप्पाचा फोन. बापाचा ऊर भरून आलेला. "अक्का, पेपर बगितलीस का?"

"बगितला."

"मग? बोल की कायतरी."

"त्यात निंगव्वा कुटं हाय?"

धुळाप्पा तिचा सख्खा भाऊ. तरी म्हणाला, "अक्का, पोराच्या चांगल्या दिवसात असलं काय काढतीस?" मी फोन सुनेच्या हातात दिला. पोराचे चांगले दिवस! ज्यांनी ते आणले त्यांचं नाव काढायचं नाही, एवढे ते चांगले.

मी निंगव्वाच्या घरातच राहत होते. दिवसा धंद्यावर जायचं, जेवायला आणि झोपायला इथं. मल्लेश रोज विचारायचा, आई कधी येणार. मी म्हणायचे, इथलं काम संपलं की.

रविवारी सकाळी इंद्रजीत आला. पेढ्यांचा डबा, नवा शर्ट. मुंबईला मोठ्या लोकांसमोर हा अभ्यास मांडायला निघाला होता, जायच्या आधी आत्याच्या पाया पडायला. आमच्या घरी मी नाही म्हटल्यावर इकडे आला. मी तव्यावर भाकरी उलटत होते. तिचा वास लागला असेल त्याला, डबा हातात घेऊन उंबऱ्यापाशी उभा राहिला आणि लहान पोरासारखं म्हणाला, "आत्या, भूक लागलीय. वाढ की."

माझा हात ताटाकडं गेला होता. लहानपणापासून वाढलेला हात, तो डोक्याला विचारून पुढं जात नाही. मी तो मागं घेतला.

"आत का येईनास?" मी विचारलं.

"येतो की."

"मग ये."

तो आला नाही. त्याची नजर चौकटीवर गेली. स्वतःचं अक्षर ओळखलं त्यानं.

"त्या दिशी खडू सबाच्या हातात व्हता," मी म्हणाले. "तू काढून घेतलास. का? तिनं शेजारी इचारलं असतं, म्हनून?"

"नियम..."

"नियमाचं नाव माज्याम्होरं काडू नगंस. मी भाकरी थापती, माती खात न्हाय."

तो तिथंच पायरीवर खाली बसला. नव्या शर्टासकट, धुळीत. डबा मांडीवर. आणि रस्त्याकडं तोंड करून बोलला, माझ्याकडं नाही. "आत्या, या घराचं उत्तर लिहिलं असतं तर खाली प्रश्न होता, डॉक्टरांचा सल्ला घेतला का. घेतला. मग कुणीतरी विचारलं असतं, काय सल्ला दिला? घरीच ठेवा. टेस्ट करू नका. तो मी दिला. त्या दिवशी बेड नव्हता हे खरंय. पण दोन दिवसांनी आमच्याच वॉर्डात एक रिकामा झाला होता. मला कळलं होतं. मी फोन केला नाही. वाटलं, बरी होईल. मी तिला..."

बेडचं मला माहीत नव्हतं. आजपर्यंत नव्हतं. तव्यावरची भाकरी करपली, धूर झाला, मी ती तशीच करपू दिली. क्षणभर वाटलं उठावं आणि याच्या तोंडात मारावी. मग त्याची मान दिसली. मागून अगदी तशीच, परीक्षेच्या दिवसांत पुस्तकावर वाकलेली असायची तशी. निंगव्वा तिथं बसून त्याला वारा घालायची, माश्या बसू नयेत म्हणून.

मी तवा उतरवला. उठले, उंबऱ्यापाशी आले, पण बाहेर गेले नाही. आतूनच बोलले, आणि मोठ्यानं बोलले. जोतिराम दारात आला होता, येऊ दे. गल्लीला ऐकू जायचं ते जाऊ दे.

"इंद्रजीत, हिकडं तोंड कर. बेडचं आज सांगितलास, त्येचं मला जनमभर दुखंल. पन त्ये चूक हाय, आन् चूक मानसाकडनं व्हती. निंगव्वा असती तर तुला म्हनली असती, जाऊ दे, जेव. मी निंगव्वा न्हाय. फोन केला न्हाईस तवा तुला ठावं न्हवतं काय हुईल त्ये. खडू हातात घेतलास तवा तुला समदं ठावं व्हतं. सवताला वाचवायला तू दोन मानसं पुसलीस, आन् त्येच्यावर जगाला सांगत सुटलास की हा रोग लई कमी मारतो. मारल्याल्यांच्या दारावरनं मान खाली घालून गेल्यावर कमीच दिसनार की रं! तुज्या त्या आकड्यानं शाळंतला ऑक्सिजन उचलला. उद्या परत लाट आली आन् कुनाची निंगव्वा तडफडली, तर त्ये बी तुज्याच नावावर. तुजा आकडा भित्रा हाय, आन् त्यो मांडनारा तू बी भित्रा हाईस. डॉक्टर असशील मोटा. ह्या घरचा पोरगा म्हनून तू न्हाईस, आजपास्नं न्हाईस. हुयाचं असंल तर ऊट, हितं उंबऱ्याभाईर उभा ऱ्हा, परक्याच्या दारात इचारतोस तसं माज्या डोळ्यात बगून इचार, ह्या घरात कोन वारलं. मी सांगीन. त्ये लिव, तुजा सल्ला बी लिव, आन् त्येच मुंबईत वाच. तवर ह्या चुलीवरची भाकरी तुला न्हाय."